दोन काय, शालन?

शालन,

काल तुझ्या दवाखान्यात तुझ्यासाठी सभा झाली. मला पुढच्या खुर्चीवर बसवलं. मेट्रनबाई बोलल्या, मोठे डॉक्टर बोलले. तू म्हणे सदा हसतमुख होतीस. मृदुभाषी होतीस. कुणाला कधी उलटून बोलली नाहीस. मी इकडंतिकडं बघितलं. वाटलं, आपण चुकून दुसऱ्याच कुणाच्या सभेला येऊन बसलो. मग मला म्हणाले, भाऊ म्हणून दोन शब्द बोला. मी उठलो, चपला घातल्या आणि बाहेर आलो. तोंड उघडलं असतं तर ती सभा सभा राहिली नसती. आणि 'दोन' हा शब्द अलीकडं मला कानावर नको वाटतो. का, ते तुला माहीत आहे.

म्हणून हे लिहितो आहे. मला लिहायची सवय नाही, भांडायची आहे. तुझ्याशी तर जन्मभर भांडलो. ते भांडण अर्धवट टाकून तू गेलीस. दलालाला अर्धवट सौदा झोपू देत नाही.

आईबाप गेल्यावर तुला कडेवर घेऊन मी म्हसवड सोडलं. सांगलीच्या हळदीच्या पेठेत हमाली धरली. मी पोती वाहायचो आणि तू पोत्यांच्या थप्पीवर बसून राहायचीस. संध्याकाळी तुझे पाय, फ्रॉक, नाकाचा शेंडा, सगळं पिवळं. बायका विचारायच्या, "आज नवरी व्हय गं?" आणि तू त्यांना जीभ काढून दाखवायचीस. मृदुभाषी!

पाठीवरचं पोतं उतरवून मी दलालीत शिरलो ते नुसत्या बोटांच्या जोरावर. आमच्या पेठेत भाव तोंडानं होत नाही. रुमाल टाकायचा, त्याखाली दोघांनी हात घालायचे आणि समोरच्याची बोटं धरायची. एक बोट धरलं म्हणजे एक, तीन धरली म्हणजे तीन. पटलं की अंगठ्यावर अंगठा दाबायचा आणि बोटं सोडायची. नाही पटलं तर धरून ठेवायची, पुन्हा बोलायचं. बाहेर चेहरा कोरा. शेजारी उभ्या माणसाला काही कळत नाही. पण एक गोष्ट रुमाल टाकायच्या आधी, तोंडानं, सगळ्यांसमोर ठरवून घ्यायची असते. एक म्हणजे काय? दहा की शंभर? ती सांगितल्याशिवाय हात घालणारा एक तर गाढव असतो, नाही तर लबाड.

तू लबाड होतीस. थप्पीवर बसून हे सगळं बघितलंस आणि घरी आल्यावर माझ्या उपरण्याखाली हात घालून सौदे करायला लागलीस. गुळाचे खडे, शेंगा, सिद्धनाथाच्या जत्रेतल्या बांगड्या. आणि एक म्हणजे काय, ते तू कधीच आधी सांगायची नाहीस. दहावीचा निकाल लागला त्या दिवशी दुकानात आलीस. उपरण्याखाली माझी तीन बोटं धरलीस. मी खुशीत होतो. म्हटलं, पोरगी पास झाली, तीन साड्या मागतेय. मी अंगठा दाबला.

"झाला सौदा?" तू विचारलंस.

"झाला. कुठनं घ्यायच्या साड्या?"

"साड्या कुणी मागितल्या? तीन वर्सं. मिरजेला. नर्सिंगला नाव घालणार हाय मी."

मी वजनाचा काटा उचलून आपटला. पेठेतली माणसं जमली. मी ओरडलो, "लोकांची हागणीमुतणी काढाय धाडू व्हय तुला?" तू म्हणालीस, "पेठेत सौदा मोडणाऱ्याला काय म्हणत्यात, दादा?" आणि मकबूलचाचा, ज्यांच्याबरोबर मी रोज सौदे करतो ते, दाढीत हसत म्हणाले, "अंगठा दाबलायस गड्या. आता रड नायतर हस."

मी आजवर सौदा मोडलेला नाही. मिरजेला तुला पोचवायला मीच आलो. पण मनातून मी तुला कधी माफ केलं नाही. आज तू नाहीस म्हणून गोड बोलावं, हे मला जमत नाही. तुला गावातला मास्तर बघून दिला असता तर तू आज असतीस. हे मी रोज म्हणतो. तुझी वैनी कानावर हात ठेवते.

आणि तरी, टोपी घालून, पांढऱ्याशुभ्र कपड्यात पहिल्यांदा तू दुकानात आलीस तेव्हा मी गिऱ्हाइकाला उगाच सांगत होतो, "बहीण हाय माझी. मिरजेला असती." तेही खरंच. हिशेबात दोन्ही बाजू लिहाव्या लागतात.

यंदा नवी हळद यायला लागली आणि ताप आला. पेपरवाले त्याला रशियाचा फ्ल्यू म्हणत. पेठेत चेष्टा चालली होती. मकबूलचाचा म्हणाले, "रशियानं कारखाना द्यायच्या ऐवजी ताप धाडलाय, त्योबी उधारीवर." लहानपणी घरातल्यांकडून ऐकलेली मानमोडीची साथ त्यांच्या डोक्यात होती. घरात पाणी पाजायला माणूस उरला नव्हता, ती. त्यापुढं ही त्यांना साथच वाटत नव्हती. आणि चाचांसारखी, माझ्यासारखी जुनी खोडं शिंकून मोकळी होत होती. हा ताप तरण्यांनाच गाठत होता.

तू रविवारी घरी आलीस. भाकरी मोडून नुसती बसलीस. तुझ्याकडून कळलं की आधी कॉलेजच्या होस्टेलातली पोरं आली, मग त्यांना बघणाऱ्या तुमच्यातल्या पोरी पडायला लागल्या. एक पडली की तिची ड्यूटी दुसरीवर. दुसरी पडली की तिसरीवर.

"सुट्टी टाक," मी म्हणालो.

"सगळ्याच टाकत्यात. खाटंवर."

"मग तूच कशाला उभी?"

"दादा, हरिपूरला पेव उघडलं की आधी कोण उतरतंय?"

हे तू मला विचारत होतीस! हळदीची पेवं मी तुलाच दाखवली होती. जमिनीत खोल खड्डा, वर माती लिंपलेली, आत वर्षभर कोंडलेली हवा. पेवाचं तोंड उघडून घाईनं उतरलेला माणूस परत वर येत नाही.

"कुणीच उतरत न्हाई," मी म्हणालो. "आधी कंदील सोडत्यात."

"मग? आमी कंदील हाय."

"कंदील इझतो, शाले."

"इझला की वर ओढायचा असतो. तूच सांगितलंयस."

तुझं बरोबर होतं. माझी तक्रार तीच आहे. मेट्रनबाई काल सेवेबद्दल बोलल्या, त्यागाबद्दल बोलल्या. दोरी कुणाच्या हातात होती, त्याबद्दल कुणी बोललं नाही. अंगात ताप घेऊन तू गोळी गिळायचीस आणि परत वॉर्डात. हे सगळ्यांना दिसत होतं. ज्योत बारीक झाली होती, आणि वरची माणसं म्हणत होती, अजून उजेड आहे की.

मी जीप घेऊन मिरजेला आलो तो दिवस आठव. मेट्रनबाईंच्या खोलीत मी सौद्याला बसलो. महिन्याची रजा मागितली.

"अहो शेठ, वॉर्ड भरलाय. उभ्या राहतील अशा मुलीच उरल्या नाहीत माझ्याकडे," त्या म्हणाल्या.

"मी बायका धाडतो. मजुरी माझी."

"पेशंट म्हणजे हळदीची पोती नाहीत."

"माझी बहीण तरी हाय व्हय पोतं?"

बाईंनी रजेची वही पुढं ओढली. मग म्हणाल्या, "आठवडाभर न्या. पण तिला विचारलंत का?"

"तिला काय इचारायचं? मी भाऊ हाय."

विजयी मुद्रेनं मी बाहेर आलो. तू थर्मामीटरचा ट्रे घेऊन व्हरांड्यातून येत होतीस. तोंडाला फडकं बांधलेलं. मी म्हणालो, "चल, कपडे भर. आठवड्याची रजा काढलीय तुझी."

तू तिथंच थांबलीस. "माझा सौदा केलास? मला न इचारता?"

"तुझ्या भल्यासाठी."

"हळद हाय व्हय मी?"

"हळद असतीस तर भाव तरी आला असता!"

तोंडानं आपण एकमेकांशी बोललो ते एवढंच शेवटचं. तू हसलीस का, रागावलीस, डोळ्यांत पाणी आलं, मला सांगता येत नाही. फडकं होतं. रुमालाखालचं मला कळतं, त्या फडक्याखालचं कळलं नाही. ट्रेमधली थर्मामीटरं किणकिणली आणि तू वळून वॉर्डात गेलीस. तो आवाज मला अजून ऐकू येतो. कपात चमचा वाजला तरी मी वळून बघतो. परवा वैनीनं सगळे चमचे फडताळात बंद करून ठेवले.

मग निरोप आला की तू पडलीस.

तुमच्या होस्टेलच्या आजारी पोरींच्या खोलीत मी दुपारी आलो. भिंतीला तोंड करून शेजारच्या खाटेवर एक पोरगी झोपली होती. तुझी करुणा. तिच्याबद्दल तू नेहमी सांगायचीस. मिशनच्या बोर्डिंगात वाढलेली, सुट्टी लागली तरी जायला घर नसलेली. मी तिच्याकडं धड बघितलंही नाही. तुझ्या नाकातोंडावर ऑक्सिजनचा मुखवटा, छाती भात्यासारखी चाललेली. डॉक्टर म्हणाले होते, न्यूमोनिया झालाय, आता हलवता येणार नाही, दोन दिवस बघू.

मी स्टुलावर बसलो. भांडायला आलो होतो, पण कुणाशी भांडू? तुला बोलता येत नव्हतं. मी म्हणालो, "शाले, बरी झालीस की घरी चल. तू म्हणशील ते कबूल. काय पायजे ते माग."

तू डोळे उघडलेस. चादरीखालून तुझा हात सरकत आला. मला हसू आलं आणि हुंदकाही. मी चादरीखाली हात घातला. तुझे तळवे तापलेल्या तव्यासारखे. तू चाचपून माझी दोन बोटं धरलीस.

दोन.

डॉक्टरांचे दोन दिवस माझ्या कानात होते. म्हटलं, पोरीला कळलंय सगळं, दोन दिवसांची मुदत मागतेय. मी अंगठा दाबला. म्हणालो, "बरं. दोन दिवसांनी येतो जीप घेऊन."

तू बोटं सोडली नाहीस.

शालन, सौदा पटला की बोटं सोडतात. हे तुला माझ्याइतकं पक्कं माहीत होतं. धरून ठेवलीस, म्हणजे सौदा पटला नव्हता, अजून बोलायचं होतं. हे मला तिथं, त्या स्टुलावर, का समजलं नाही? मला वाटलं, माया. म्हटलं, बहीण आहे, धरू दे. बराच वेळ बसलो. मग आया आली, म्हणाली, आता निघा. तुझी बोटं मी एकेक करून सोडवली. तुझी नजर माझ्यावरून शेजारच्या खाटेकडं गेली, परत माझ्यावर आली. मी म्हणालो, "येतो."

दुसऱ्याच दिवशी निरोप आला तेव्हा मी सौद्यात होतो. रुमाल पडलेला, मकबूलचाचांचा हात माझ्या हातात. दुकानाच्या फोनवरून कुणीतरी हाक मारून सांगितलं, मिरजेहून फोन आलाय, शालनबाई गेल्या. चाचांची दोन बोटं माझ्या मुठीत होती, आणि मी ती सोडेना. समोरचा शेतकरी म्हणाला, "झालं का पक्कं?" चाचांनी दुसऱ्या हातानं रुमाल ओढून काढला. पहिल्यांदाच भर पेठेत आमचे हात उघडे पडले. "आज सौदा न्हाई," चाचा म्हणाले. "जावा सगळी."

दिवस घातल्यावर मी मिरजेला आलो, तुझी ट्रंक घ्यायला. खरं सांगतो, ट्रंक निमित्त होतं. मेट्रनबाईंना काय बोलायचं ते मी वाटेत जुळवत आलो होतो. जीप होस्टेलच्या दारात लावली तर पायरीवर करुणा बसलेली. ताप उतरला होता, पण खोकला होता. हाडं आणि डोळे एवढंच उरलं होतं. मांडीवर कापडी पिशवी. मला बघून ती उभी राहिली आणि परत बसली.

"दादा, मला वाटलं तुम्ही आता येणार नाही."

"कशाला येणार हुतो मी?" मी तुसडेपणानंच विचारलं.

"शालन म्हणाली होती. तिला बोलता येत होतं तोवर तेच म्हणायची. दादा आला की दोघी जाऊ सांगलीला. त्याच्याकडून कबूल करून घेते, कशी ते बघ." ती खोकली. "तुम्ही आलात त्या दिवशी मी जागी होते. मान वळवायची ताकद नव्हती. पण नंतर पिशवी भरायला लावली मी आयामावशींना. ही तीच पिशवी."

दोघी.

मी जीपचा दांडा धरून उभा राहिलो. लबाड पोरी. तीन साड्या म्हणून तीन वर्षं उकळलीस, आणि दोन दिवस म्हणून दोन माणसं. मेट्रनबाईंना सुनावायचं सगळं माझ्या तोंडातून गेलं. मी तुझ्याशीच भांडायला लागलो, मनातल्या मनात, तिथंच दारात. अगं, एक म्हणजे काय ते आधी सांगायचं असतं! श्वास नव्हता, कबूल. पण नजरेनं खाट दाखवलीस तशी आणखी एकदा दाखवायची. बोटं सोडून परत धरायची. तुला माहीत होतं, तुझा भाऊ आकडा बरोबर ऐकतो आणि माणूस चुकतो.

की दोन दिवसच होते? रुमालाखालच्या सौद्याला साक्षीदार नसतो. करुणा सांगते ते आधीचं. त्या घडीला तुझ्या मनात काय होतं, ते तूच जाणे. कधी वाटतं, दोन दिवस मागितलेस आणि तेही तुला कुणी दिले नाहीत. कधी वाटतं, दोघी. कधी वाटतं, आकडा नव्हताच, हाताला लागली ती बोटं धरलीस. मी रोज यातलं एक पक्कं करतो आणि दिवस मावळायच्या आत मोडतो. आयुष्यात सौदा मोडला नव्हता तो मी.

पण अंगठा मी दाबला होता. करुणाची पिशवी जीपमध्ये टाकली. म्हटलं, "बस." तुझी ट्रंक मागं, ती पुढं. दोघींना घेऊन सांगलीला आलो, असा.

ती आमच्याकडं राहिली. वैनीनं तिला तुझी निळी साडी नेसवली. मी दुकानातून आलो, दारात पाठमोरी निळी साडी बघितली आणि "शाले" म्हणून हाक मारून बसलो. ती वळली नाही. वळली असती तर मला सोसलं नसतं, हे तिला कळलं असावं. तिचा खोकलाही तुझाच. आतल्या खोलीत ती खोकली की मी गिऱ्हाइकाला भाव सांगता सांगता थांबायचो, पुढचा खोकला येईपर्यंत. यायचा. मग मी श्वास सोडायचो.

वैनीनं हळददूध पाजून पाजून तिला उभी केली. आणि उभी राहिल्याबरोबर ती म्हणाली, "दादा, मला परत जायला हवं. अजून पोरी पडतायत."

माझा पारा चढला. "परत त्या पेवात? तुझ्यासाठी अंगठा दाबलाय मी! इथं ऱ्हा, तुला काय कमी पडलं?"

"काही नाही."

"मग?"

"शालन म्हणायची, वर ओढलेला कंदील पुसून परत सोडायचा असतो."

हे तू म्हणाली होतीस का, का तिनं तिथंच रचलं, मला ठाऊक नाही. पण आवाज तुझा होता. मी फार ओरडलो. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि पिशवी भरली.

काल सभेला मी आलो तो तिला सोडायलाच. सभेतून उठून बाहेर आलो तर ती माझ्या मागोमाग आली. तिची टोपी, तिचे पांढरे कपडे. म्हणाली, "रागावलात?" तिनं माझ्या खांद्यावरचं उपरणं घेतलं, हातावर टाकलं आणि खाली हात घातला. तू शिकवलेलं दिसतंय. माझं एक बोट धरलं.

या वेळी मी फसलो नाही. "आधी तोंडानं सांग," मी म्हणालो. "एक काय?"

"एक रविवार. दर महिन्याला. घरी येईन."

"आणि ताप आला तर?"

"त्याच दिवशी निरोप धाडीन. दोरी तुम्ही धरा."

मी अंगठा दाबला. दवाखान्याच्या फाटकात, येणाऱ्याजाणाऱ्यांच्या देखत. तिनं ताबडतोब बोटं सोडली. सौद्याची रीत तिला नीट माहीत आहे. उपरणं माझ्या खांद्यावर परत टाकलं आणि ती वॉर्डाकडं गेली.

तिनं सोडली, शालन. तू अजून धरून आहेस.